वेंकण्णांची तेवीस अक्षरं

वेंकण्णांकडे वाय-फाय मागितलं की ते आधी तुमचा फोन मागत. फोन हातात आला की खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पुढे ओढत, आणि जुन्या काळचा फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचा तसे फोनसकट आत शिरत. मग बाहेरून दिसायचा तो पांढऱ्या पंचाचा एक तंबू, तंबूखाली दोन कोपरं, आणि आतून यायचा टक्, टक्, टक् असा आवाज. एका बोटाचा. तेवीस वेळा. मध्ये चुकलं तर "अय्यो!" आणि पुन्हा पहिल्यापासून टक्. शेवटी घामेजलेलं डोकं बाहेर यायचं. फोन परत देताना ते म्हणत, "लाइन मिळाली. बोला."

पासवर्ड त्यांनी कधी कुणाला तोंडी सांगितला नाही. कागदावर लिहून दिला नाही. तरी कुणाला नाहीही म्हटलं नाही. जयनगरातल्या आमच्या गल्लीत त्यांचं वाय-फाय फुलवालीला होतं, इस्त्रीवाल्याला होतं, समोरच्या करंजाखाली बाइक लावून पुढच्या ऑर्डरची वाट बघत बसलेल्या डिलिव्हरीवाल्यांना होतं. ज्याला हवं त्याला. पण मिळायचं ते पंचाखालूनच.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरात वाय-फायवर चालणारी एकही वस्तू नव्हती. फोन होता तो बटणांचा. कॉम्प्युटर नाही, टीव्ही जुना, ठोकळ्यासारखा. राउटर मात्र काचेच्या कपाटावर, क्रोशाच्या रुमालावर बसवलेला, आणि रोज सकाळी तो पुसला जायचा.

मी त्यांची वरच्या खोलीतली भाडेकरू. मूळ नागपूरची. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत दीड वर्ष काढलं, मग ती नोकरी सोडून डिलिव्हरीवाल्यांच्या संघटनेत पत्रकं लिहायला लागले. खोली बघायला आले त्या दिवशी वेंकण्णांनी ना आडनाव विचारलं, ना नोकरी. "कुठनं आलीस?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नागपूर. "सरी," ते म्हणाले, "नागपूर, सामान कधी आणतीस?"

त्या दिवसापासून मी नागपूर. वेंकण्णा माणसाला नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, त्यातली निम्मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून या गावची लाइन त्या गावाला जोडण्यात गेली. ज्याला ज्या गावचा कॉल, तो माणूस तेच गाव, हा हिशोब डोक्यात पक्का बसला तो बसलाच. फाटकाशी टोपली घेऊन बसणारी मंजुळम्मा मागडीची, म्हणून ती मागडी. करंजाखाली बसणाऱ्यांतला सगळ्यांत जुना, दोन मुलींचा बाप, तो रायचूर. मध्ये आणखी एक रायचूरचा आला तेव्हा पंचाईत झाली. चार दिवस विचार करून वेंकण्णांनी त्याला ‘रायचूर एक्स्टेन्शन’ केलं.

बोलणंही तसंच. "थांब" नाही, "लाइनीवर राहा." तुम्ही रंगात येऊन काही सांगत असलात की मध्येच हात वर करून, ट्रंक कॉलवर विचारत तसं, "तीन मिनिटं जाली. वाढवायचं?" हो म्हटलंत तर पुढचं वाक्य, नाहीतर ते उठून गेलेच. हे ‘जालं’ त्यांचं घरचं. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं, आणि मराठी त्यांनी आणली तशी जपली, फक्त तिच्यात कन्नडातले ‘स्वल्प’ आणि ‘सरी’, म्हणजे थोडं आणि ठीक, मिसळत गेले. माझ्या मराठीतले इंग्रजी शब्द ऐकून ते विचारत, "तुमच्याकडे मराठी संपली का ग?"

लिहिण्याशी मात्र त्यांचं वैर होतं. भिंतीवर कॅलेंडर नाही. फोन नंबरांची वही नाही. वाण्याकडे जाताना यादी नाही. अठरा जिन्नस तोंडपाठ सांगत, त्याच क्रमानं, आणि वाणी एक जिन्नस विसरला की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू त्याचा विसर हा यांचा विजय. संध्याकाळी फिरायला निघाले की घराघराकडे बोट दाखवून तिथे पूर्वी कुठला टेलिफोन नंबर होता ते सांगत. घरं पाडून तिथे चार-चार मजले उभे राहिले होते, माणसं गेली होती, नंबर मात्र यांच्या डोक्यात जागच्या जागी.

आणि ‘टेस्टिंग’. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला सगळ्यांनी फोन घेऊन पायरीवर यायचं. वेंकण्णा प्रत्येक फोनातून वाय-फायचं नाव काढून टाकत आणि पंचाखाली जाऊन पासवर्ड पुन्हा घालत. चालू असलेलं बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. मंजुळम्मा, रायचूर, इस्त्रीवाला, सगळे गुमान बसत. मी मात्र पहिल्याच पौर्णिमेला सांगितलं, "अण्णा, एकदा दिला फोन. पुन्हा नाही देणार. फोन ही माझी खासगी बाब आहे." त्यांनी पुढच्याचा फोन घेतला. माझा फोन त्या टेस्टिंगमधून सुटला तो सुटला.

मला हे सगळं बघून संताप यायचा. स्पष्टच सांगते, मला वाटायचं हा म्हातारा लोकांना आपल्या पायरीवर बसवून घेतो, आपल्याकडे मागायला लावतो, आणि त्यातच त्याचा मोठेपणा आहे. एक दिवस मी विषय काढला.

"अण्णा, पासवर्ड फाटकावर लिहून लावा. संपलं."

"लिहिलं की संपलंच," ते म्हणाले. "खरं बोललीस."

"लोकांना का ताटकळत ठेवता?"

"कुणाला नाही म्हटलं का मी?"

"तुम्ही नाही म्हणता की हो, हा मुद्दाच नाही. मागावं का लागतं, हा मुद्दा आहे."

"मागणारं कुणी नसेल तर ऑपरेटर कशाला ग पाहिजे?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "तीन मिनिटं."

मी वर जाऊन पत्रक लिहिलं. डिलिव्हरीवाल्यांना सावली, पाणी, संडास आणि इंटरनेट हे उपकार म्हणून नको, हक्क म्हणून हवं, असं. मथळा दिला, ‘हक्क पंचाखाली झाकता येत नाही’. मोबाइलवरून त्याचं कन्नड केलं आणि शंभर प्रती काढल्या. पहिली प्रत वेंकण्णांनाच दिली. मागून बोलायची मला सवय नाही.

त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. मग खिशातलं पेन काढलं, दोन ठिकाणी वेलांट्या सुधारल्या आणि म्हणाले, "नागपूर, हे वाटू नकोस. ‘पंचे’ म्हणजे इथं नेसायचं धोतर. माझ्या धोतराखाली लोकांचे हक्क आहेत असं जालं हे."

मंजुळम्माला ते वाचून दाखवलं तेव्हा ती एवढी हसली की तिच्या हातातली अबोलीची माळ सुटली. शंभर प्रती माझ्या पलंगाखाली गेल्या.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी मला एक गोष्ट दिसली. मंजुळम्माची मुलगी मंगळूरला नर्सिंग शिकते. दर रविवारी सकाळी मंजुळम्मा पायरीवर बसून तिला व्हिडिओ कॉल करायची, टोपलीतली फुलं एकेक उचलून फोनसमोर धरायची. आता ती रस्त्यापलीकडे, रायचूरच्या बाइकला टेकून उभी राहून बोलत होती. मी विचारलं, पायरीवर का नाही?

"इथं आवाज चांगला येतो," ती म्हणाली.

एवढ्या बसेसच्या आवाजात? मी रायचूरकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली. त्याच्या फोनवर हॉटस्पॉट चालू होता. मंजुळम्मा त्याच्या डेटावर बोलत होती.

पुढच्या पौर्णिमेला मी मुद्दाम जिन्यात थांबले. वेंकण्णांनी मंजुळम्माचा फोन घेतला, तंबूत गेले. टक्, टक्. "अय्यो." पुन्हा टक्. पूर्वीपेक्षा पुष्कळ वेळ. मग फोन परत. "लाइन मिळाली. बोला." मंजुळम्मानं पडद्याकडे बघितलं आणि तोंडभर हसून म्हणाली, "बंतु, अण्णा, बंतु." आलं, अण्णा, आलं. मी दोन पायऱ्या वरून वाकून तिच्या पडद्याकडे बघितलं. नेट आलं नव्हतं. पासवर्ड चुकीचा, असं लाल अक्षरात लिहून आलं होतं. रायचूरचाही फोन तसाच. तोही "बंतु, अण्णा" म्हणाला आणि फोन खिशात टाकून गेला.

माझ्या डोक्यात सगळं क्षणात जुळलं. पत्रक मी लिहिलं, आणि हा माणूस त्याचा सूड गरिबांवर काढतो. मुद्दाम चुकीचा पासवर्ड घालतो. भाडेकरणीचं नेट चालू, फुलवालीचं बंद. आणि त्या बिचाऱ्यांवर दडपण एवढं की बंद आहे म्हणायचीही हिंमत नाही! एवढं सोपं, एवढं स्पष्ट अन्यायाचं चित्र मला पत्रकं लिहिताना कधी मिळालं नव्हतं. तिथेच शंका यायला हवी होती.

रविवारी सकाळी मी फोन उघडला. सेटिंगमध्ये गेले, वाय-फाय, जोडलेल्या नावापुढचं चाक, मग ‘शेअर’. फोननं अंगठा मागितला. मी दिला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला, आणि त्याच्या खाली, बारीक राखाडी अक्षरांत, पासवर्ड. आठ महिने तो माझ्या खिशात होता.

मला वाटलं होतं काहीतरी असेल. देवाचं नाव, बायकोचं (लग्न त्यांनी केलं नव्हतं, हे मला नंतर कळलं), गावाचं, एखादा जुना टेलिफोन नंबर. काहीच नव्हतं. कुठलाही शब्द नाही, कुठलंही साल नाही. अक्षरं आणि आकडे, पोतं फाटून सांडावेत तसे. मोजली. तेवीस.

पलंगाखालून एक पत्रक काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करनं ती तेवीस अक्षरं लिहिली, कणकेची खळ केली आणि खाली फाटकाशी गेले.

मंजुळम्मा टोपली मांडत होती. कागद बघून ती उठली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"हे काय?"

"पासवर्ड. खरा. अण्णा तुम्हाला खोटा घालून देतात."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. ती कन्नडात बोलते. मला आता पुरतं कळतं. "दोन महिने होत नाहीये. ठाऊक आहे सगळ्यांना."

"मग बोलत का नाही?"

"काय बोलू? ते एवढा वेळ आत बसून घालतात. आम्ही आलं म्हणतो. ते आनंदानं घरात जातात. त्यात तुझं काय गेलं?"

"तुमचं गेलं ना! रायचूरच्या डेटावर मुलीशी बोलता."

"ते रायचूर आणि मी बघून घेऊ. तो कागद घडी कर आधी."

पण फाटकाच्या आतून आवाज आला, "नागपूर, काय लावतीस?" आणि वेंकण्णा पंचा खांद्यावर टाकत पायरी उतरून आले. मी कागद लपवला नाही. लपवायला हवा होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, लांब धरला आणि बोटानं एकेक अक्षर मोजत गेले. ओठ हलत होते.

"तेवीस," ते म्हणाले.

"हो."

"मी बावीस घालत होतो."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं, या वेळी सावकाश. "एक कुठलं तरी गेलंय," ते म्हणाले. "आता समोर आहे, तरी कुठलं गेलं ते कळत नाही मला." मग मान वर करून, "हे तुला कुठं मिळालं?"

"माझ्या फोनात. मी राहायला आले तेव्हा तुम्हीच घातलं होतं. फोन ठेवून घेतो, अण्णा."

"ठेवून घेतो," ते म्हणाले. मग मंजुळम्माकडे वळले. "मागडी, तुझ्या फोनात लाइन येत नव्हती?"

"येते की, अण्णा! काल संध्याकाळी पण आली होती."

त्यांनी तिच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग माझ्याकडे.

"नागपूर, तू सांग."

मंजुळम्माचे डोळे मला काय सांगत होते ते मला कळत होतं. मी म्हटलं, "येत नाही, अण्णा. दोन महिने कुणालाच येत नाही."

त्यांनी मान हलवली. कागदाची घडी केली, एकदा, दोनदा, खिशात घातली आणि आत गेले. दार लावलं. दिवसा त्यांचं दार मी कधी बंद बघितलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन दिवस पायरी रिकामी होती. रायचूर मला बघून हेल्मेटची काच खाली करायचा. मंजुळम्मानं मला रोजची हातभर अबोली दिली नाही. मीच मागितली तेव्हा टोपली झाकत म्हणाली, "खरं बोलणारे पुष्कळ बघितले ग मी. घरी कुणी वाट बघत नसतं त्यांची."

तिसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. "नागपूर, लाइनीवर आहेस?"

मी खाली गेले. त्यांनी कापी, म्हणजे त्यांची कॉफी, पुढे केली. ताटलीत बिस्किटं पण होती, म्हणजे बोलणं तीन मिनिटांचं नव्हतं.

"माझी अक्का होती," ते म्हणाले. "गोदक्का. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लवकर विधवा जाली, माघारी आली, तिनंच मला वाढवलं. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायची. एक्स्चेंजात माझं डोकं चालायचं ते तिचं." कापी त्यांनी घेतलीच नव्हती. "मग सारात मीठ दोनदा पडायला लागलं. मग तीनदा. मला विचारायची, ‘वेंकू, मी विसरते का रे?’ मी म्हणायचो, छे अक्का. शेजारी म्हणायचे, छे अक्का. रोज विचारायची. रोज छे. आम्हाला वाटायचं हे प्रेम आहे."

मी पेला त्यांच्या हाताजवळ सरकवला.

"मग गॅस चालू ठेवून निघून गेली एकदा. म्हैसूरला भाचा आहे, त्याच्याकडे माणसं आहेत घरात. तिकडं न्यायचं ठरलं. सगळ्यांनी ठरवलं, फक्त तिला विचारलं नाही. ती घर सोडून येणार नाही म्हणून मी सांगितलं, लग्नाला जायचंय. तिनं रेशमी साडी नेसली. मागडीकडून गजरा घेतला. गाडीत बसल्यावर विचारलं, कुणाचं लग्न? वाटेत रामनगर आलं, तेव्हा एक नाव सांगितलं मी. चन्नपट्टणला परत विचारलं, दुसरं सांगितलं. मद्दूरला तिसरं. मंड्याला काय सांगितलं ते मलाच आठवत नाही." ते थांबले. "श्रीरंगपट्टणला तिनं विचारलं नाही. गजरा काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. तेव्हा तिला कळलं होतं, नागपूर. विसरणाऱ्या माणसाला कळत नाही असं तुम्हाला वाटतं. कळतं."

वाय-फाय घेतलं ते तिला बघायला. भाच्यानं टॅब दिला होता. दोन वर्षं रोज सकाळी काचेत ती दिसायची आणि रोज एकच विचारायची, "लग्न जालं का?" ती गेली तेव्हा वेंकण्णांनी टॅब मंजुळम्माच्या मुलीला दिला, नेट मात्र ठेवलं, आणि ही तेवीस अक्षरं तयार केली.

"नाव का नाही ठेवलं?" मी विचारलं.

"नावाचा काय उपयोग? अक्काला स्वतःचं नाव शेवटपर्यंत येत होतं. माहेरचं गाव येत होतं. अर्थाचं असतं ते उशिरा जातं. बिनअर्थाचं आधी जातं. म्हणून बिनअर्थाचं ठेवलं. ज्या दिवशी कुणाच्या फोनात लाइन लागणार नाही, त्या दिवशी मला कळेल, असं." ते हसले. "आणि सगळे म्हणाले, बंतु. दोन महिने मी बरा होतो."

मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ. ते पण करू. पण मला एक माणूस पाहिजे. चांगली माणसं आहेत माझ्याकडे पुष्कळ. तू तोंडावर वाईट बोलतीस. मला ते पाहिजे."

डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, आणि आत्ताच काही सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या, म्हणाले. खिशातला पासवर्डचा कागद वेंकण्णांनी स्वतःच्या हातानं फाटकावर डकवला. आता गल्लीत कुणीही उभं राहून पासवर्ड बघून घेतं, मागायला लागत नाही. मला हवं होतं अगदी तेच झालं. मंजुळम्मा रविवारी पुन्हा पायरीवर बसून मंगळूरशी बोलते. माझ्याशीही बोलते, पण मोजून.

त्याच राउटरवर मी आणखी एक वाय-फाय उघडून दिलं. त्याचं नाव ‘टेस्टिंग’. त्यावर कुणी यूट्यूब बघत नाही, कुणाचा कॉल जात नाही. नवीन तेवीस अक्षरं वेंकण्णांनी माझ्याच फोनात घातली, आणि ती फक्त तिथेच आहेत. रोज सकाळी साडेसातला मी खाली जाते. ते खुर्चीत ताठ बसतात, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. मी सेटिंग उघडते, अंगठा देते, पडदा माझ्याकडे धरते. ते बोलतात, मी बघते. बरोबर तर बरोबर, चूक तर चूक. कुठलं चुकलं ते सांगायचं नाही.

अट त्यांनीच घातली. "सलग पाच दिवस चुकलं तर म्हैसूरला भाच्याला फोन कर. पण आधी मला सांग. माझ्यासमोर बसून सांग. मग त्याला."

मी हो म्हटलं. अनेक सभांमधून अनेक शपथा घेतल्यात मी, हात वर करून, मोठ्यानं. हे ‘हो’ त्या शपथांसारखं नव्हतं.

गेल्या आठवड्यात सोमवारी चुकलं. मी म्हटलं, चूक. मंगळवारी म्हटलं, चूक. बुधवारी ते पंधराव्यापर्यंत गेले आणि थांबले, आणि मी चूक म्हणायच्या आधी तेच म्हणाले, "चूक." गुरुवारीही चूक.

शुक्रवारी जिना उतरताना माझ्या तोंडात ‘बरोबर’ हा शब्द तयार होता. काहीही म्हणाले तरी बरोबर. एक दिवस. एका दिवसानं कुणाचं काय जातं? मंजुळम्मा याच वाक्यावर दोन महिने चालली होती, आणि मला ते आता पहिल्यांदा कळत होतं.

ते बसलेच होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. म्हैसूरला जायचंच असेल तर तयार, असे. डोळे मिटले आणि सुरू केलं. पाच. दहा. पंधरावं आलं, पुढे गेलं. मी अंगठा पडद्याच्या कडेला घट्ट दाबून धरला होता. एकोणिसाव्याला ते थांबले. एवढे थांबले की फाटकाशी मंजुळम्माचा दोरा थांबला आणि ती तिथूनच ओरडली, "सरी, अण्णा! सरी आहे!"

"मागडी, गप्प बस," डोळे न उघडता ते म्हणाले. "तुला कुणी विचारलं?"

मग त्यांनी एक अक्षर उच्चारलं. मग विसावं, एकविसावं. बावीस. तेवीस.

मी पडद्याकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

"बरोबर," मी म्हटलं.

माझा आवाज चिरकला असावा. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले, एखाद्या नोटेचा कागद उजेडात धरून बघावा तसे.

"खरं?"

"खरं, अण्णा."

"नागपूर," ते म्हणाले, "लग्नाला नाही ना नेत मला कुठं?"

मी फोन फिरवून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, पडद्याखाली बोट ठेवलं, आणि अक्षर म्हणायचं, बघायचं, पुढे जायचं, असं जुळवायला घेतलं. पुष्कळ वेळ लागला. मंजुळम्मा टोपली तशीच सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

"जुळलं," ते शेवटी म्हणाले, आणि चष्मा काढून पंचाच्या टोकानं पुसायला लागले. काच पुसून झाली तरी पुसत राहिले. "पण आता मी बघितलं. हा पासवर्ड बाद. उद्यापासून नवीन तेवीस."